गेम जॅम स्पर्धा: विषय जाहीर झाल्यानंतर नियम बदलणे आणि स्पर्धकाला बाद करणे, यांची न्याय्य रीत कोणती?

अर्धविराम (धागाकर्ता)

ठरावीक मुदतीत, दिलेल्या विषयावर संगणकीय खेळ बनवण्याच्या ऑनलाइन स्पर्धा, म्हणजेच गेम जॅम, आता इतक्या वाढल्या आहेत की त्यांच्या नियमांविषयी नीट चर्चा होणे आवश्यक वाटते. अशा चर्चा बहुधा नियम कडक असावेत की सैल, या प्रश्नावर अडकतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. विषय जाहीर होण्याच्या क्षणी जे नियम लिहिलेले होते तेच निकालापर्यंत टिकतात का, आणि त्या नियमांखाली कोणाला बाद करायचे झाल्यास त्याला कारण सांगून उत्तर देण्याची संधी मिळते का, हे खरे दोन प्रश्न आहेत.

कडक नियमांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही, हे जुन्या स्पर्धांकडे पाहिले की पटते. २००२ मध्ये सुरू झालेल्या लुडम डेअरच्या ‘कॉम्पो’ विभागात एकट्याने ४८ तासांत काम करायचे असते, चित्रे, आवाज आणि संगीत त्याच मुदतीत स्वतः तयार करायचे असते आणि शेवटी सोर्स कोडही द्यायचा असतो. २०१२ पासून चालणाऱ्या, जावास्क्रिप्ट भाषेत खेळ लिहिण्याच्या जेएस१३के स्पर्धेत संपूर्ण खेळ झिप करून १३ किलोबाइटांत, म्हणजे १३,३१२ बाइटांत, बसवावा लागतो. या अटी जाचक आहेत, परंतु त्यांना कोणी अन्यायकारक म्हणत नाही, कारण भाग घेणाऱ्याने त्या आधी वाचलेल्या असतात आणि त्या सर्वांना सारख्याच लागू असतात.

अडचण सुरू होते ती मध्येच होणाऱ्या बदलांमुळे. ४८ तासांच्या जॅममध्ये खेळाचा आवाका पहिल्या काही तासांतच ठरतो. किती पातळ्या करायच्या, चित्रे स्वतः काढायची की मुक्त परवान्याचा तयार संच घ्यायचा, संगीतासाठी वेळ राखून ठेवायचा की नाही, हे सगळे निर्णय त्या वेळच्या नियमांवर विसंबून घेतलेले असतात. समजा, तिसाव्या तासाला आयोजकांनी जाहीर केले की तयार चित्रे वापरली तरी चालतील. तर ज्याने नियम पाळण्यासाठी रात्रभर बसून चित्रे काढली, त्याचा तो वेळ व्यर्थ गेला. याच्या उलट, आधी चालणारी चित्रे मध्येच नाकारली, तर दुसऱ्या कोणाचा अख्खा खेळच बाद होतो. दोन्ही वेळा आयोजकांचा हेतू चांगला असू शकतो, पण नुकसान प्रामाणिक माणसाचे होते.

मुदतवाढीचेही असेच आहे. शेवटच्या तासात ‘सर्वांना आणखी सहा तास देत आहोत’ अशी घोषणा झाली की ती उदार वाटते. पण ज्याने वेळेत पूर्ण करण्यासाठी अर्धा खेळ कापून टाकला, आणि जो जगाच्या दुसऱ्या टोकाला खेळ अपलोड करून झोपी गेला किंवा कामावर निघून गेला, त्याच्यापर्यंत ही उदारता पोहोचतच नाही. सर्व्हर बंद पडला तर गोष्ट वेगळी. तेव्हा फक्त अपलोड करण्यापुरता वेळ वाढवावा, काम करण्यासाठी नव्हे. लुडम डेअरमध्ये ४८ तासांनंतर खेळाची अंतिम फाइल तयार करून अपलोड करण्यासाठी एक वेगळा तास आधीपासूनच ठेवलेला असतो, आणि खेळ बंद पाडणारी चूक दुरुस्त करायला किंवा दुसऱ्या प्रणालीसाठी आवृत्ती तयार करायला नंतरही मुभा असते. ही सोय आधी लिहिलेली असल्यामुळे कोणाचाही तोटा होत नाही.

आता बाद करण्याविषयी. माझ्या मते कोणत्याही स्पर्धकाला बाद करण्यापूर्वी चार गोष्टी झाल्या पाहिजेत. कोणता नियम मोडला ते नेमके सांगावे, कशावरून तसे वाटते ते दाखवावे, उत्तर देण्यासाठी वाजवी वेळ द्यावा, आणि फेरविचार मूळ निर्णय घेणाऱ्याने न करता दुसऱ्या कोणी करावा. जाहीर निवेदनात ‘नियम क्रमांक अमुकनुसार अपात्र’ एवढेच असावे. कोणाच्या सचोटीविषयी शेरे मारू नयेत, कारण स्पर्धा संपली तरी ते शब्द त्या माणसाच्या नावाला चिकटून राहतात.

आपली मते कळवावीत. विशेषतः ज्यांनी आयोजनाचे काम केले आहे त्यांनी अवश्य लिहावे.

रात्रजागर

मी लहान जॅमच्या आयोजनात काम केले आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. आपल्या मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एक अडचण आपण हलकी धरली आहे. कोणतीही नियमावली सर्व शक्यता धरून लिहिता येत नाही. विषय जाहीर झाल्यावर पहिल्या तासातच असे प्रश्न येतात की ज्यांचा विचार कोणीही केलेला नसतो. स्वतःच्या जुन्या खेळातील हालचालीचा कोड वापरला तर चालेल का? मित्राने फक्त आवाज दिला तर तो संघाचा सदस्य धरायचा का? फॉन्ट हे तयार साहित्य मानायचे का? या प्रश्नांना उत्तर द्यावेच लागते, आणि उत्तर दिले की कोणीतरी म्हणतो की तुम्ही नियम बदलला.

आयोजक बहुतेक वेळा बिनपगारी स्वयंसेवक असतात आणि जॅमच्या दोन दिवसांत तेही झोपलेले नसतात. चार पायऱ्यांची चौकशी शेकडो प्रवेशिकांसाठी करणे त्यांना झेपेल का, याचाही विचार व्हावा.

मात्र मोठे बदल आधी जाहीर करता येतात, हे मान्य आहे. जीएमटीके गेम जॅम २०१७ पासून ४८ तासांचा होता. २०२४ मध्ये तो ९६ तासांचा केला गेला, पण तो बदल जॅम सुरू होण्यापूर्वीच जाहीर झालेला होता. त्यामुळे नव्या मुदतीविषयी कोणाचे मत काहीही असो, आपली फसवणूक झाली असे कोणी म्हणू शकले नाही.

अर्धविराम

रात्रजागर, आपला मुद्दा रास्त आहे. स्पष्टीकरण आणि बदल यांत फरक करायलाच हवा, आणि त्यासाठी मला एक कसोटी सुचते. जो स्पर्धक लिहिलेला नियम वाचून, प्रामाणिकपणे त्याचा सरळ अर्थ लावून काम करत आहे, त्याचा खेळ नव्या उत्तरामुळे बाद होतो का? होत नसेल तर ते स्पष्टीकरण. होत असेल तर तो बदल, आणि तो पुढच्या वेळेपासून लागू करावा. संदिग्ध नियमाचा फायदा त्या वेळेपुरता स्पर्धकाला मिळावा, कारण तो नियम त्याने लिहिलेला नव्हता.

आणखी एक. स्पष्टीकरण गप्पांच्या एखाद्या वाहिनीत एकाला उत्तर देऊन संपवू नये. डिस्कॉर्डवर दिलेले उत्तर तासाभरात शेकडो संदेशांखाली गाडले जाते. ते नियमांच्या पानावर, वेळेच्या नोंदीसह, जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहावे. त्याने आयोजकांचेही काम कमी होते.

चौकशीच्या भाराविषयी म्हणाल, तर मी शेकडो चौकशा मागत नाही. ज्याला बाद करायचे आहे त्याच्याच बाबतीत हे करायचे आहे, आणि असे खेळ थोडेच असतात.

बिंदुमात्र

हा धागा वाचून लिहावेसे वाटले. एका स्पर्धेत, जिचे नाव मी येथे घेत नाही, माझा खेळ मतदानाच्या मध्यावर दिसेनासा झाला. ईमेल नाही, संदेश नाही. विचारल्यावर सांगितले गेले की संगीत चोरीचे असल्याची तक्रार आली आहे. ते संगीत मी स्वतः बनवलेले होते, आणि त्याची मूळ प्रकल्प-फाइल, प्रत्येक वाद्याच्या स्वतंत्र पट्टीसह, माझ्याकडे होती. ती पाठवल्यावर खेळ परत दिसू लागला, पण तोपर्यंत मतदान संपले होते.

माझे दुःख क्रमांकाचे नाही. खेळाबरोबर त्याखालचे सर्व अभिप्रायही नाहीसे झाले होते. अनोळखी लोकांनी वेळ काढून खेळून पाहिले, कुठे अडकलो, काय आवडले ते लिहिले. अशा स्पर्धेतून नवशिक्याला मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट तीच असते. म्हणून माझी विनंती अशी, की चौकशी चालू असताना खेळ क्रमवारीतून बाजूला ठेवावा, पण त्याचे पान आणि अभिप्राय पुसू नयेत. हानिकारक प्रोग्राम किंवा उघड द्वेषाचा मजकूर असेल तर ते पान ताबडतोब बंद करणे मी समजू शकतो. बाकी वेळी ते राहू द्यावे. शिवाय तक्रार खोटी ठरल्यास मतदानाचे गेलेले दिवस भरून देण्याची काहीतरी तरतूद असावी.

चौकट

बिंदुमात्र यांचा अनुभव मतदानाशी जोडलेला आहे, आणि त्या विषयाकडे नियम लिहिणारे सर्वांत कमी लक्ष देतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बहुतेक ऑनलाइन जॅममध्ये स्पर्धकच एकमेकांचे खेळ खेळून गुण देतात. सर्वांना सारखी मते मिळत नाहीत, हा त्यातील मूळ प्रश्न. एखाद्या खेळाला तीनच मते मिळाली आणि तिन्ही पूर्ण गुणांची असली, तर तो पहिला ठरावा का? इच डॉट आयओ या खेळ प्रसिद्ध करण्याच्या आणि जॅम भरवण्याच्या संकेतस्थळावर यासाठी बराच काळ एक सूत्र वापरात आहे. सर्व प्रवेशिकांना मिळालेल्या मतसंख्येची मध्यका, म्हणजे त्या संख्या क्रमाने मांडल्यास मधोमध येणारी संख्या, काढतात. ज्याची मते मध्यकेएवढी किंवा जास्त आहेत त्याचे सरासरी गुण तसेच राहतात. ज्याची मते कमी आहेत त्याच्या सरासरीला, त्याची मतसंख्या भागिले मध्यका, याच्या वर्गमूळाने गुणतात. मध्यका २० असेल आणि एखाद्या खेळाला ५ मते मिळून सरासरी ४.५ असेल, तर पाव या अपूर्णांकाचे वर्गमूळ अर्धे, म्हणून त्याचे गुण २.२५ होतात. २५ मते आणि ३ सरासरी असलेला खेळ त्याच्या पुढे जातो. लुडम डेअरने वेगळा मार्ग घेतला. तेथे साधारण २० मते मिळाल्याशिवाय क्रमांकच दिला जात नाही.

दोन्ही पद्धतींमागे तर्क आहे. पण दोन्हींचा परिणाम असा, की खेळाच्या गुणवत्तेइतकेच महत्त्व तो किती लोकांपर्यंत पोहोचला याला येते. ब्राउझरमध्ये लगेच चालणारा खेळ लोक सहज उघडतात. अनोळखी माणसाची फाइल उतरवून चालवायला कचरतात. ज्याच्यामागे आधीच मोठा चाहतावर्ग आहे त्याला मते आपोआप मिळतात. ‘तुम्ही माझा खेळ पाहा, मी तुमचा पाहतो’ अशी देवाणघेवाण सुरू होते, आणि तिच्यात प्रामाणिक अभिप्राय व संगनमत यांची सीमा पुसट होते.

म्हणून आयोजकांनी किमान तीन गोष्टी आधी लिहाव्यात: गुणांचे सूत्र, मत देण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि कमी मते मिळालेले खेळ मतदारांसमोर आणण्याची व्यवस्था काय आहे. ज्याने इतरांच्या खेळांना जास्त मते दिली त्याचा खेळ वर दाखवणे ही त्यातली चांगली रीत आहे, कारण तीत श्रमाला मोबदला मिळतो. परीक्षक मंडळ असेल तर परीक्षकांनी स्वतःच्या विद्यार्थ्यांचे, सहकाऱ्यांचे किंवा मित्रांचे खेळ तपासू नयेत, आणि तसे संबंध आधी सांगावेत.

बिंदुमात्र यांच्या शेवटच्या मागणीवर माझे उत्तर असे, की खोट्या तक्रारीमुळे खेळ दडवला गेला असेल तर तेवढे दिवस त्या एका खेळाचे मतदान वाढवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड असते. त्यापेक्षा तक्रारीची पडताळणी होईपर्यंत खेळ मतदानात राहू द्यावा आणि दोष सिद्ध झाल्यास निकालापूर्वी काढावा. हा क्रम उलटा असण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

ध्वनिलहरी

मी संगीत करते आणि अनेक संघांत शेवटच्या क्षणी सामील होते, त्यामुळे तयार साहित्य आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या नियमांशी माझा नेहमी संबंध येतो.

लुडम डेअरच्या ‘जॅम’ विभागातील एक तोडगा मला फार आवडतो. तेथे ७२ तास मिळतात, संघ चालतो आणि तयार साहित्यही चालते. पण चित्रे किंवा संगीत तुमच्या संघाने त्या मुदतीत केलेले नसेल, तर त्या विशिष्ट गुणप्रकारातून (चित्रे, संगीत इत्यादींना तेथे वेगवेगळे गुण दिले जातात) तुम्ही स्वतःहून बाहेर राहायचे. म्हणजे ज्याला संगीत येत नाही त्याला मुक्त परवान्याचे संगीत घेऊन खेळ पूर्ण करता येतो, आणि माझ्यासारखीची तुलना विकत घेतलेल्या संगीताशी होत नाही. कोणावर बंदी घालावी लागत नाही आणि कोणावर अन्यायही होत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांबाबत आणि आवाजांबाबतही असाच मार्ग काढता येईल. इच डॉट आयओने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा वापराची नोंद करण्याची पद्धत आणली, त्यामुळे खेळाच्या पानावर ते सांगणे आता नवे राहिलेले नाही. एखाद्या जॅमला पूर्ण बंदी घालायची असेल तर तोही त्यांचा अधिकार आहे. परंतु नियमात कोड लिहिताना घेतलेली मदत, भाषांतर, चित्र आणि आवाज यांचा स्वतंत्र उल्लेख हवा, कारण ‘एआय वापरू नये’ एवढ्या वाक्याचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या सोयीने लावतो.

बंदी असेल तेथे पुराव्याचा प्रश्न येतो. चित्र यंत्राने बनवले की माणसाने, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने चुकतात, आणि केवळ त्यांच्या उत्तरावरून कोणाला बाद करणे मला अमानुष वाटते. नवशिक्याच्या चित्रातली बोटे वाकडी असतातच. त्याऐवजी स्तरांसह मूळ चित्र, संगीताची प्रकल्प-फाइल, कोडच्या बदलांचा इतिहास मागावा. अशी मागणी होऊ शकते हे मात्र नियमांत आधीच लिहिलेले असावे, म्हणजे स्पर्धक त्या फाइली जपून ठेवतील. बिंदुमात्र यांच्याकडे ती फाइल होती म्हणून ते सुटले. ती ठेवण्याची सूचना त्यांना कोणी दिली नव्हती.

श्रेयनामावलीचाही नियम हवा. दोन तास काम करून गेलेल्या माणसाचे नावही खेळाच्या पानावर यावे, आणि संघप्रमुखाने ते वगळल्यास आयोजकांनी ते घालायला लावावे.

पानगळ

खेळावरील हक्कांचा विषय अजून कोणी काढलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. जॅममध्ये झालेला खेळ दोन दिवसांची गंमत म्हणून सोडून देता येत नाही. २०१३ च्या सेव्हन डे एफपीएस या सात दिवसांत नेमबाजीचा खेळ बनवण्याच्या जॅममध्ये बनलेल्या लहानशा खेळातून ‘सुपरहॉट’ उभा राहिला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ च्या अखेरीस लुडम डेअरमध्ये ४८ तासांत केलेल्या खेळातून ‘इन्स्क्रिप्शन’ घडला आणि २०२१ मध्ये आला. असे होऊ शकते म्हणूनच, प्रवेशिका दाखल केल्याने खेळाचे हक्क आयोजकाकडे किंवा प्रायोजकाकडे जातात, असे कलम असलेल्या स्पर्धेत भाग घेऊ नये, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगते. आयोजकाला प्रदर्शनासाठी आणि प्रसिद्धीसाठी मर्यादित परवानगी पुरते. २००९ पासून होणारा ग्लोबल गेम जॅम स्वतःला स्पर्धाच म्हणवत नाही, हक्क निर्मात्यांकडेच राहू देतो, आणि बरीच वर्षे तेथे खेळ बिगरव्यावसायिक क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ठेवण्याची स्पष्ट अट होती. असे स्पष्ट लिहिलेले असले की वाद उरत नाही.

बक्षीस असेल तर कोणत्या देशांतील आणि किती वयाच्या स्पर्धकांना ते मिळू शकते, रक्कम कधी आणि कशी दिली जाईल, कर कोण भरणार, हे नोंदणीच्या पानावर हवे. जिंकल्यावर ‘आपण पात्र नाही’ असे कळवणे म्हणजे त्या माणसाचे श्रम फुकट वापरणे होय.

रात्रजागर

पानगळ यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. करारातील कलमे आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा संबंध किती जवळचा आहे ते २०१४ मध्ये दिसले होते. गेम जॅमवर आधारलेल्या, प्रायोजकांच्या पैशावर उभारलेल्या एका चित्रित मालिकेचे काम सुरू होताच कोलमडले, कारण निर्मितीशी संबंधित एका सल्लागाराने संघांत स्त्रिया असण्यावरून अपमानास्पद प्रश्न विचारले आणि स्पर्धकांनी पुढे काम करण्यास नकार दिला. तो कार्यक्रम ऑनलाइन स्पर्धा नव्हता, पण आयोजकांच्या माणसांनाही आचारसंहिता लागू हवी, हा त्यातला धडा सर्वत्र लागू आहे. आपण आचारसंहिता लिहितो ती बहुधा स्पर्धकांसाठीच. परीक्षक, प्रायोजक आणि नियंत्रक यांच्याविरुद्ध तक्रार कोठे करायची हे क्वचितच लिहिलेले असते.

अर्धविराम यांनी सुचवलेली कसोटी मी आमच्या पुढच्या नियमावलीत घालणार आहे. दुसऱ्या व्यक्तीकडून फेरविचार करण्याची तरतूदही करू, कारण त्यासाठी फक्त एक असा माणूस हवा जो स्पर्धेच्या रोजच्या कामात नाही. पण संघाच्या बाबतीत मला अजून उत्तर सापडलेले नाही. चार जणांच्या संघात एकाने परवाना न तपासता चित्र घातले आणि उरलेल्या तिघांना ते ठाऊकच नव्हते, तर काय करावे?

अर्धविराम

सर्वांचे आभार. चौकट यांनी मांडलेला क्रम, म्हणजे आधी पडताळणी आणि मग कारवाई, मी माझ्या मूळ चार मुद्द्यांच्या आधी ठेवतो. ध्वनिलहरी यांची मूळ फाइली जपण्याची पूर्वसूचना आणि रात्रजागर यांनी सांगितलेली आयोजकांवरील आचारसंहिताही त्यात धरावी.

संघाच्या प्रश्नावर माझे मत असे. दोष ज्या भागात आहे तो भाग काढून किंवा बदलून खेळ उभा राहू शकत असेल, तर संघाला एक दिवसाची मुदत देऊन तो बदलू द्यावा, आणि चित्रांच्या गुणप्रकारातून त्या खेळाला बाहेर ठेवून बाकीच्या प्रकारांत राहू द्यावे. ज्याने ते चित्र घातले त्याला पुढच्या स्पर्धेत घ्यायचे की नाही हा स्वतंत्र निर्णय असावा, आणि तोही त्याचे ऐकून घेतल्यानंतरच. खेळाचा गाभाच उसना असेल तर मात्र प्रवेशिका काढावी लागेल. तरीही उरलेल्या तिघांच्या नावापुढे अपात्रतेची नोंद राहू नये, आणि त्यांना आपण केलेले काम वेगळे काढून स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करण्याची मोकळीक असावी. यासाठी संघाने नोंदणी करतानाच कोणी कोणता भाग केला ते लिहून द्यावे. मग श्रेयाचा प्रश्नही त्याच नोंदीतून सुटतो.